आत माणूस असलेली खोली

“ए बाई, चप्पल बाहेर,” मीराबाई खाटेवरून न उठता म्हणाली. “आणि भिंतीला हात लावू नकोस.”

प्राचीने चप्पल काढली, पण हातातली टेप खाली ठेवली नाही. खोलीची लांबी-रुंदी मोजून तिने आकडे मोबाइलमध्ये टाकले. दारात उभ्या विनीतला तिने आधीच सांगितलं होतं की आपण यात नवीन आहोत. दादरला रविवारचा क्लास करतो, गुंतवणुकीची ही पहिलीच जागा. विनीतला असंच नवखं गिऱ्हाईक हवं होतं.

परळच्या त्या चाळीतली खोली त्याच्या शांताआत्याची. आत्या कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होती. मीराबाई तिथेच राहून तिचं सगळं करायची. विनीत ठाण्याहून एकदाही फिरकला नाही. आत्या गेली, खोली त्याच्या नावावर झाली, तेव्हा तो आला तो मीराबाईला हाकलायलाच. दोनदा त्याने तिची भांडी गॅलरीत काढून ठेवली. दोन्ही वेळा शेजाऱ्यांनी ती परत आत नेऊन लावली. तेव्हापासून चाळीत त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं.

“ही कधी जाणार?” प्राचीने त्याला विचारलं.

“मेल्यावर,” मीराबाईनेच उत्तर दिलं. “तोवर कोर्टात भेटू. शेवटच्या तारखेला तुझी नातवंडं येतील.”

महिनाभरात रिकामी करून देतो, असं विनीत घाईघाईने म्हणाला. प्राचीला ते पटलं नाही. क्लासमधल्या सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, भिंती नंतर बघा, आधी ताबा कोणाकडे आहे ते बघा. आत माणूस असेल तर भाव पडतो. आणि जागेत जीव अडकवायचा नाही, जमत नसेल तर सरळ निघायचं.

ती निघालीसुद्धा. विनीतने गॅलरीतून हाका मारून तिला थांबवलं आणि भाव उतरवला.

पुढच्या खेपेला मीराबाईने दारच उघडलं नाही. आतून ती प्राचीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिली. बाहेरून प्राचीनेही काही बाकी ठेवलं नाही. सगळी चाळ ऐकत होती. आधीची दोन गिऱ्हाइकं असल्याच तमाशाने पळाली होती. विनीत घायकुतीला आला. आतल्या बाईसकट, जशी आहे तशी, प्राची म्हणेल त्या भावाला त्याने खोली देऊन टाकली.

रजिस्ट्रेशन झालं त्या दुपारी तो किल्ली द्यायला आला. ती प्राचीच्या हातावर टाकून मीराबाईकडे वळला.

“माझ्याशी नीट वागली असतीस तर चार पैसे तरी मिळाले असते. आता ही तुला फुटपाथवर बसवेल.”

विनीत बूट चढवून निघून गेला.

प्राचीने दार लोटलं. मीराबाईने पदर तोंडावर दाबून धरला होता आणि तिचे खांदे गदगदत होते. प्राची तिच्याजवळ खाटेवर बसली.

“आई, हळू हस,” ती म्हणाली. “तो अजून जिन्यातच आहे.”