मागाहून घालता येईल

“तो बोलणारा तेवढा काढून टाका,” देवदत्त सर म्हणाले. “बाकी सगळं झकास जमलंय.”

रेणुकाच्या हातात पेन ड्राइव्ह होता. तिची मूठ आपोआप घट्ट झाली. संस्थेच्या सगळ्या शाळांतल्या जुन्या कॉम्प्युटरांवर जूनच्या आत एकच नवी सिस्टिम चढायची होती. तिच्यात मुळातच काय काय असावं, हे ठरवायला मांडवीच्या ऑफिसात तिघं बसली होती: संस्थेचे सचिव देवदत्त सर, लॅब सांभाळणारी तेजस्वी आणि ही सगळी जुळणी करणारी रेणुका. चित्रं काढायचा प्रोग्राम राहिला, गणिताचे खेळ राहिले, अध्यक्षांच्या भाषणाचा व्हिडिओसुद्धा राहिला. गाडी अडली ती स्क्रीन रीडरपाशी. पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा हा प्रोग्राम. रेणुकाला जन्मापासून दिसत नव्हतं, आणि ही सारी जुळणी तिनं त्याच्याच जिवावर केली होती.

“अहो, पोरं नको ती कळ दाबतात आणि भर तासाला हा बरळायला लागतो,” सर म्हणाले. “आवाज तरी काय! मासळीच्या लिलावात घसा बसल्यासारखा.”

तेजस्वी खुदकन हसली. आवाज भिकार होता, हे रेणुकालाही कबूल होतं.

“सावर्ड्याच्या शाळेत ओवी येत्ये पाचवीला,” ती म्हणाली. “तिला दिसत नाही. तिनं कसं करायचं?”

“एका पोरीपायी सगळ्या शाळांना ताप? लागेल तेव्हा मागाहून घालता येईल की. दोन मिनिटांचं काम.”

मागाहून! हा शब्द ऐकला की रेणुकाचं डोकं फिरायचं. ब्रेलची पुस्तकं मागाहून, परीक्षेला लेखनिक मागाहून. वर्ष सरायचं, तरी कशाचा पत्ता नसायचा.

“माझ्या हातून तो निघणार नाही, सर. काढायचाच असेल तर दुसरं माणूस बघा.”

“ही काय बोलायची रीत झाली, बाई?”

“दोन मिनिटांचं काम ना? मग करून दाखवा. ओवीला करावं लागेल तसं.”

तिनं चाचपडत सरांचाच लॅपटॉप पुढे ओढला, पेन ड्राइव्ह लावून त्यावरची नवी सिस्टिम सुरू केली आणि खांद्यावरची ओढणी काढून पडद्यावर टाकली.

सर हसले. पंधरा वर्षं कॉम्प्युटर शिकवलेला माणूस. खुर्ची सरकवून ऐटीत बसला. कळा खडखडल्या. थांबल्या. पुन्हा खडखडल्या.

“मेनू इथेच असतो ओ... गेला कुठे?”

“सर, ओढणी उचलायची नाही हां,” तेजस्वी म्हणाली. आता ती हसत नव्हती.

कळांचा आवाज वाढत गेला. सर चिडून दाबतायत, हे रेणुकाला नुसत्या आवाजावरून कळत होतं. मग लॅपटॉपमधून टुण्ण झालं.

“हां, आलं! काहीतरी विचारतोय. मारू एंटर?”

“थांबा,” रेणुका म्हणाली. हात लांबवून तिनं तीन कळा एकदम दाबल्या, आणि घसा बसलेला तो आवाज उठला:

“या संगणकावरील सर्व काही पुसून टाकायचे? होय. बटण.”

खुर्ची करकरत मागे गेली. सरांनी ओढणीकडे हात नेला, पण तिच्यावर रेणुकाचा तळवा आधीच घट्ट टेकलेला होता.

“बाई, माझं सगळं आहे ओ ह्याच्यात,” सर म्हणाले. त्यांचाही घसा बसला होता. “आता काय दाबू?”

“मागाहून सांगत्ये,” रेणुका म्हणाली. “आधी ओवीचं ठरवा.”