निर्वंश

‘अरविंद. निर्वंश.’

स्क्रीनवर हे दोन शब्द आले आणि स्मिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरविंद म्हणजे तिचे बाबा. त्यांची एकुलती एक लेक इथे, प्रतापरावकाकांच्या हॉलमध्ये, मांडीवर लॅपटॉप घेऊन जिवंत बसली होती, आणि सॉफ्टवेअर म्हणत होतं की बाबांच्या मागे कुणी नाही.

दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. वंशावळीचं ते सॉफ्टवेअर बिचारं सांगितलेलं ऐकतं. नावं भरा, कोण कुणाचं कोण ते सांगा, बटण दाबा, की घराण्याचा इतिहास सरळ वाक्यांत तयार. घारगे घराण्याची सगळी माहिती स्मितानंच भरली होती, फोन करकरून, पार गौतमपुऱ्यापर्यंत चकरा मारून. येत्या रविवारी कुलसंमेलन होतं. मल्हारगंजातला प्रेसवाला सकाळपासून वंशावळीच्या पुस्तकाची फाईल मागत होता. आणि आत्ता, ऐन वेळी, काकांनी फर्मान काढलं होतं की मुलींच्या शाखा उडव.

त्यासाठी एक चौकोन होता, ‘फक्त पुरुष वंश’. त्यात टिक केली की मुली जातात, आणि ज्याला नुसती मुलगीच, त्याला मूल नाही असं रिपोर्ट आपोआप लिहितो. मूल नसलं तर ‘निर्वंश’ छापायचं, हेही काकांचंच. जुन्या वंशावळींत तसंच असतं म्हणे.

“काका, बाबांच्या नावापुढे काय आलंय बघा.”

प्रतापरावांनी चष्मा वर करून बघितलं. “मग? दादाला मुलगा नव्हताच. झूठ थोडीच लिहिलंय.”

“मी आहे ना.”

“तू आहेस गं. तुला कोण नाही म्हणतंय? संमेलनात शाल-श्रीफळ देणार आहोत तुला, एवढी मेहनत केलीस. पण वंशावळ मतलब वंशावळ. लग्न झालं की मुलगी दुसऱ्या कुळाची. त्यांच्या पुस्तकात येईल तुझं नाव.”

घाला ते शाल-श्रीफळ चुलीत, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पंचकुइयाच्या स्मशानात बाबांना अग्नी तिनं दिला, तेव्हा हेच काका शेजारी हात जोडून उभे होते. तेव्हा नाही ते दुसरं कुळ आड आलं.

“आणि पोलोग्राउंडच्या विजयचा पीयूष, त्यालाही काढ,” काका पुढे म्हणाले. “आश्रमातून आणलेला. अच्छा मुलगा आहे, मी कुठे नाही म्हणतो, पण आपलं रक्त नाही ना. त्याचाही काही चौकोन असेल बघ.”

होता. ‘दत्तक वगळा.’

स्मितानं एकदा काकांकडे बघितलं आणि एकदा त्यांच्या डोक्यावरच्या तसबिरीकडे. तसबिरीत पगडी घातलेले, तलवारीवर हात ठेवलेले उदयसिंह घारगे होते, काकांचे आजोबा. तसबिरीला रोज ताजा हार असे.

“नक्की ना, काका?”

“बिल्कुल नक्की. वंश म्हणजे मुलगा आणि रक्त. बस.”

तिनं टिक केली. प्रिंटर कुरकुरला आणि एकच कागद बाहेर टाकून गप्प झाला.

काकांनी तो वाचला, मग पुन्हा बोट ठेवून वाचला. मूळ पुरुष, त्यांचा मुलगा, त्याचा मुलगा, आणि शेवटी राणोजी. ‘राणोजी. निर्वंश.’ खाली पांढराशुभ्र कागद.

“बाकीचे कुठे गेले? गडबड आहे तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये.”

“काही गडबड नाही. राणोजींना मुलगा होता कुठे? एक जनाबाई तेवढी. तिचाच मुलगा त्यांनी दत्तक घेतला, दरबारची मंजुरी आणून. उदयसिंह. दर दसऱ्याला तुम्हीच सांगता, छाती फुगवून.”

काकांनी तसबिरीकडे बघितलं नाही. कागदाची घडी केली, उघडली, परत केली.

“ती दत्तकाची टिक काढ,” ते म्हणाले. “पीयूष राहू दे. मुलींची तेवढी ठेव.”

म्हणजे स्वतःपुरतं दार उघडायचं आणि तिच्या तोंडावर लावायचं. हद्द झाली या माणसाची. स्मितानं कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

“दोन्ही निघतील, नाहीतर दोन्ही राहतील.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं? अगं, यात तुझा बापही नाहीये.”

“नसू दे. निर्वंश म्हणून छापण्यापेक्षा नसलेला बरा.”

“मी सांगतोय म्हणून काढ.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. प्रेसवाला होता. काकांच्या डोळ्यात डोळे घालून तिनं फोन कानाला लावला.

“हाँ भिया, भेज रही हूँ. नहीं, किताब नहीं है अब. एक ही पेज है.”

तिनं फाईल पाठवली आणि लॅपटॉप मिटून पिशवीत टाकला. काका सोफ्यावरून उठले. कागद अजून त्यांच्या हातातच होता.

“स्मिता, संमेलनाचा अध्यक्ष आहे मी. आणि यात माझंच नाव नाही?”

स्मिता दारात चपला घालत होती.

“कसं असेल?” ती म्हणाली. “तुम्ही मुलीकडचे, काका.”