आमच्यात कुणी नाही

माझी सहा वर्षांची मुलगी डाव्या हाताने लिहिते, एवढाच तिचा गुन्हा. सासूबाईंचं शिवणकाम घरातच चालतं. पोर अभ्यासाला बसली की त्या गळ्यातली मापाची टेप काढतात आणि तिचा डावा हात खुर्चीला बांधून ठेवतात. "आमच्या सात पिढ्यांत कुणी डावखुरं नाही, हे तुझ्या माहेरचं," असं मला रोज ऐकवतात. मी वेड्यासारखी माहेरच्या एकेकाला फोन करून विचारत बसले. डावखुरं कुणीच निघालं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, "आईच्या नादाला लागू नकोस. चांगलं वळण लावतेय ती."

काल पोरीच्या मनगटावर टेपेचे वळ दिसले आणि माझं डोकंच फिरलं. सासूबाईंच्या मशीनवरची मोठी कात्री उचलली आणि त्यांच्यासमोर त्या टेपेचे दोन तुकडे केले. म्हटलं, "उद्यापासून ती डाव्याच हाताने लिहिणार. तुम्ही मधे पडायचं नाही."

एवढं त्यांनी उभ्या जन्मात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. ताडकन उठल्या आणि खाडकन माझ्या थोबाडीत दिली.



डाव्या हाताने. आणि मग तो हात, कुणी बघायच्या आत, लहान पोरीसारखा पाठीमागे लपवला.