गुरव फायनल

"फाइल ड्राइव्हवर नाहीच. केली तरी होतीस का?" गुरव सरांनी कंपनीच्या मालकीण मॅडमसमोर मला विचारलं. यूट्यूब बघून बघून मी वॉटर फिल्टरच्या सर्व्हिसिंगचं वेळापत्रक बनवलं होतं. त्यावरच माझी नोकरी पक्की होणार होती.

ऑफिसच्या ड्राइव्हवर नावानं शोधलं, तारखेनं शोधलं. माझा फोल्डरच गायब! शेवटी नमुन्याचा ग्राहक म्हणून फाइलमध्ये टाकलेलं नाव शोधलं: द्वारकाबाई.

फाइल निघाली सरांच्याच फोल्डरमध्ये, 'गुरव फायनल' नावानं. डोकंच सणकलं माझं. लॅपटॉप मॅडमकडे फिरवला.

"माझीच आहे ती," सर हसले.

"या द्वारकाबाई कोण?" मॅडमनी विचारलं.

"जुन्या ग्राहक. त्यांचा फिल्टर मीच बघतो."

"सर, ती माझी आई आहे," मी ओरडलोच. "आमच्याकडे अजून माठ आहे!"