नवव्या प्रकरणातली संत्री

ईस्टरच्या सुट्टीत अख्खा नॉर्वे डोंगरावरच्या लाकडी घरांत जाऊन खुनाच्या गोष्टी ऐकतो, आणि गेली बारा वर्षं त्यातली बहुतेक ऑडिओबुकं निवेदक तुरगाइरच्याच आवाजात असतात. त्याची बायको गुनहिल्ड तर कानात गोष्ट लावूनच स्कीवर निघायची. "अगं, येताना संत्री आण," असं तो दरवर्षी दारातून ओरडायचा. ती मान डोलवायची आणि हात हलवत परत यायची.

म्हणून यंदा रेकॉर्डिंगच्या वेळी नवव्या प्रकरणात, प्रेत सापडतं तिथेच, त्याने त्याच गंभीर आवाजात एक वाक्य घुसडलं: "गुनहिल्ड, येताना संत्री आण." रेकॉर्डिंग तपासणाऱ्यांना तो खुनाचा धागा वाटला, त्यांनी तो राहू दिला.

गुड फ्रायडेच्या दुपारी त्याच्या दारात स्कीवाल्यांची रांग लागली. जो तो पाठपिशवीतून एकेक संत्रं काढून पायरीवर ठेवू लागला. "गुनहिल्डला जमलं नसेल म्हटलं," शेजारची ओडबियर्ग आजी म्हणाली, "पण खुनी कोण ते सांगू नकोस हं, माझं अजून अकरावंच चाललंय."

साठेक संत्र्यांचा ढीग झाल्यावर गुनहिल्ड आली. रिकाम्या हाताने.

"नववं प्रकरण ऐकलं नाहीस?" तुरगाइरने खुणा करकरून विचारलं, तेव्हा तिने एका कानातला इअरफोन काढला.



"यंदा मी दुसऱ्याच्या आवाजातलं पुस्तक घेतलंय. तुझं काय, वर्षभर घरी ऐकतेच की."