टोकन नंबर अठरा

येरवड्यातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये बालपणीच्या जखमा बऱ्या होण्यासाठी प्रार्थनासभा होती. दारावर मोठा फलक होता, 'प्रभू तुला नावाने ओळखतो.' त्याच फलकाखाली टेबल मांडून बसलेल्या मुलीने सुवार्ताबाईंच्या हातात टोकन ठेवलं, अठरा नंबरचं.

"नंबर पुकारला की पुढे या, आंटी."

"मला नाव आहे."

"हो, पण आमच्या लिस्टमध्ये नंबरच आहेत ना."

बाईंचं डोकंच फिरलं. "हे बघ बाळा, मिशनच्या बोर्डिंगमध्ये मी दहा वर्षं नंबर होते. फ्रॉकवर नंबर, ताटलीवर नंबर, छडी खायलासुद्धा नंबरानेच हाक. आता साठी उलटल्यावर त्यातून बरं व्हायला तुमच्याकडे आले, तर इथेही नंबरच! नाव लिहून घे, नाहीतर ही मी चालले."

"कितवा नंबर होता?" रांगेत मागून एका म्हातारीने विचारलं.

"एकतीस!" बाई वळूनही न बघता खेकसल्या. "तुम्हाला कशाला हव्यात नसत्या चौकशा?"

मागून एक सुरकुतलेला हात त्यांच्या मनगटावर आला.

"मी शेजारच्या कॉटवरची. रडू आलं की माझ्या पांघरुणात शिरायचीस."

टेबलावरच्या मुलीने एव्हाना मुकाट्याने पेन उघडलं होतं. "सांगा आंटी, नाव लिहिते."

सुवार्ताबाईंना ते ऐकूच गेलं नाही. टोकन खाली पडलं. त्यांनी त्या म्हातारीला घट्ट मिठी मारली.

"अगं बत्तीस! कुठे होतीस गं इतकी वर्षं?"