उघडलेलं दार

भोंगा वाजला तशी वैजयंताने कडी लावली, पलंग दाराशी ओढला आणि लेकीला न्हाणीघरात बसवलं. छावणीतल्या प्रत्येक घराला नियम पाठ होता: हल्ला झाला की दार कुणालाही उघडायचं नाही. वर्दीतल्या माणसालासुद्धा नाही, कारण अतिरेकीही वर्दी घालून येतात.

बाहेर गोळ्या सुटत होत्या. तेवढ्यात दारावर धडाधड हात आदळले. "ताई, मी उर्मिला! उघडा हो!" शेजारच्या क्वार्टरमधली उर्मिला. पाण्यावरून भांडण झाल्यापासून दोघींचा अबोला होता.

वैजयंताने पलंग सरकवला, कडी काढली. उर्मिला आत कोसळली. तिची मांडी रक्ताने भिजली होती. दार लावेपर्यंत तिच्या मागे आलेल्या अतिरेक्याच्या बंदुकीची नळी फटीत घुसली. वैजयंताने दारावर सगळा भार टाकला. समोरच्या भिंतीचा गिलावा उडाला, एक गोळी दारातून तिच्या खांद्यात शिरली. दारालगतच्या ओट्यावरचा वरवंटा उचलून तिने नळीमागच्या बोटांवर घातला. हाडं मोडली, माणूस किंचाळला. तिने पुन्हा घातला, पुन्हा घातला. बाहेर जवानांचा गोळीबार झाला आणि दाराला रेटणारं अंग खाली घसरलं.

लष्करी इस्पितळात दोघींच्या खाटा शेजारी होत्या; लेक वैजयंताच्या पायाशी सुखरूप झोपली होती. उर्मिला म्हणाली, "ताई, तुमच्या जागी मी असते, तर उघडलं नसतं."

"उघडायचं नसतंच," वैजयंता म्हणाली. "माझी पोर आत होती गं, तिचा जीव पणाला लावला मी." आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.